कारणाचा रकाना

हिराताई,

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. माणूस गेलं की राग ओसरतो म्हणे. माझा ओसरला नाही. उलट आता तू समोर नाहीस, फाडकन उत्तर द्यायला नाहीस, म्हणून तो जास्तच वाढलाय. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी जुनी सवय, पण या वेळी फारच लांब गेलीस.

तुझ्या गावी खाडीकाठच्या समाजमंदिरात सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून लशीचा डबा खांद्याला लावून कशी यायचीस, तुझ्या हातचा डोस घेतलेल्या पोरी आता आया कशा झाल्या, सगळं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी मागच्या रांगेत बसले होते. कोणीतरी म्हणालं, मॅडम, तुम्हीही दोन शब्द बोला, तुमची तर जुनी मैत्रीण. मी मान हलवून नाही म्हटलं. मला बोलायचं होतं, पण ते दोन शब्दांत बसणारं नव्हतं आणि त्या दिवशी तिथं शोभणारंही नव्हतं. म्हणून इथं लिहितेय.

पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात मी जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणून आले तेव्हा तुझं आरोग्य उपकेंद्र आणि माझी शाळा यांच्यामध्ये एकच भिंत होती. तुझ्याकडं सुई टोचली की पोर रडायचं आणि माझ्या वर्गातली पोरं पाढे थांबवून हसायची. मी सातारकडची. तू पहिल्याच दिवशी मला ‘घाटावरची’ म्हणालीस आणि डब्यातला जवळा पुढं केलास. मी नाक मुरडलं. तू म्हणालीस, दोन वर्षांत मागून खाशील. दीड वर्षातच खाल्ला. मी तुला अहो-जाहो करायचे तर तू म्हणायचीस, मी काय तुझी सासू हाय? तेव्हापासून तू हिराताई, आणि ‘तू’.

मग ओवी झाली. बाळंतपण माहेरी उरकून सव्वा महिन्यानं मी तिला घेऊन आले, सोबत सासूबाई. हे तळोज्याच्या कारखान्यात कामाला, सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. ओवीला वजनकाट्यावर ठेवलं की ती काट्याकडं बघून हसायची. वजनाचा आनंद होणारी ही पहिलीच बाई, असं तू म्हणायचीस.

ती अडीच महिन्यांची होती. त्या दुपारी मी तिला पाजलं. कुशीवर पडून पाजलं, कारण पाठ दुखत होती. ती पोटभर प्यायली. सासूबाईंनी खांद्यावर घेऊन ढेकर काढला. ती पंख्याकडं बघत थोडा वेळ खेळली आणि झोपली. तिला ताप नव्हता, सर्दी नव्हती. तीनच्या सुमाराला मी तिला उठवायला गेले, आणि ती उठली नाही.

तू अनवाणी धावत आलीस. तिला जमिनीवर ठेवून तिच्या इवल्याशा तोंडात श्वास भरत राहिलीस, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी तू थांबलीस तेव्हा सासूबाईंनी हंबरडा फोडला. मला मात्र रडू आलं नाही. मी तुझा हात धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, ताई, मी पडून पाजलं होतं गं. दुसऱ्या कोणाला मी हे सांगितलं नाही, फक्त तुला सांगितलं.

तू माझा चेहरा दोन्ही हातांत धरलास. म्हणालीस, “यडे, सगळ्या आया पडून पाजतात. तुझं काय चुकलं नाय. असं होतं कधी कधी. का होतं ते मोठमोठ्या डाक्टरांना पन कळलं नाय.”

हिराताई, पुढची सात वर्षं मी या वाक्यावर जगले. हे मी वाढवून सांगत नाहीये.

एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत. गाढी नदीच्या काठी तिला मातीत ठेवलं. मला नेलं नाही. मी घरी होते आणि माझं दूध वाहत होतं. बाळ गेल्यावरही दूध येत राहतं, हे कोणी आधी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, ताप भरला. तू आलीस, दार लावलंस, सुती धोतराचा पट्टा करून माझी छाती करकचून बांधलीस आणि मी विव्हळले तर मलाच रागावलीस. रोज सकाळी दहाला यायचीस, पट्टा सोडायचीस, परत बांधायचीस. एकदा बांधता बांधता तूच रडायला लागलीस आणि म्हणालीस, डोळ्यात काहीतरी गेलं. ते मी विसरलेले नाही. जे विसरता येत नाही त्यात हेही आहे, आणि म्हणूनच सगळं अवघड झालंय.

कारण त्याच आठवड्यात, मी आतल्या खोलीत तू बांधलेल्या पट्ट्यात पडलेली असताना, तू बाहेरच्या खोलीत बसून बालमृत्यूचा फॉर्म भरलास. त्यावर घरच्यांची सही लागते. धाकटे दीर गावाहून आले होते, त्यांची घेतलीस. मला कोणी उठवलं नाही. मला वाटलं, माझी दया आली म्हणून.

वर्षभरानं सासूबाई एका भांडणात बोलून गेल्या की माझ्या बेफिकिरीनं पोर गेली, सरकारी कागदावरच तसं लिहिलंय, पडून पाजल्यानं दूध श्वासाच्या नळीत गेलं म्हणून. मी त्यांना खोटारड्या म्हटलं. तोंडावर म्हटलं, ह्यांच्यादेखत. हिराताईला विचारा, म्हटलं, ती नर्स आहे, तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्या दुसऱ्या दिवशी गावी निघून गेल्या. पुन्हा आमच्याकडं राहायला आल्या नाहीत. मी तुला हे सगळं येऊन सांगितलं होतं, आठवतं? तू लशीचा डबा पुसत होतीस. पुसतच राहिलीस. म्हणालीस, सोड, म्हाताऱ्या मानसाचं काय मनावर घेयाचं. सासूबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. आमचं बोलणं मोडलेलं ते मोडलेलंच राहिलं.

तरी आपले शनिवार मी खोटे म्हणणार नाही. ज्यांची बाळं अशी झोपेत गेली त्या बायकांना तूच एकेक करून माझ्याकडं आणलंस. शनिवारी शाळा सकाळची, ती सुटली की ओट्यावर आपण बसायचो. कोणी फार बोलायचं नाही. भाजी निवडत बसायच्या. वाडीवरची मंजुळा तर तोंडातून शब्द काढायची नाही, नुसती ओवीचं नाव विचारायची, आणि मी सांगितलं की तिच्या मुलाचं सांगायची. वाडीत तिला पोर मारणारी म्हणत होते, ती झोपेत त्याच्या अंगावर गेली म्हणून. नवऱ्यानं दुसरी आणली. तू तिला जवळ घेऊन तेच वाक्य सांगितलंस, मला सांगितलेलंच. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. वाटलं, हिचं हे वाक्य सगळ्यांना मिळायला हवं.

त्यातूनच ते प्रस्तावाचं निघालं. तोपर्यंत माझी दुसऱ्या शाळेत बदली झाली होती आणि आम्ही रोडपालीला फ्लॅट घेतला होता, पण मी शनिवार चुकवत नव्हते. पनवेलच्या एका बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की अशा मृत्यूंचा आपल्याकडं नीट अभ्यासच होत नाही, कारण त्यासाठी कोणी पैसे देत नाही. सरकारनं तालुक्यापुरता थोडा निधी दिला तर अशा प्रत्येक बाळाची आईबापांना विचारून नीट तपासणी करता येईल, बाळ कुठं कसं झोपलं होतं ते लिहून ठेवता येईल, आणि त्या घरी वर्षभर एक शिकलेली बाई पाठवता येईल, नुसती बसायला. आईकडं बोट दाखवणाऱ्याला उत्तर द्यायला. डॉक्टरांनी लिहिलं, मी शुद्धलेखन तपासलं, आणि सह्या तू जमवल्यास. वाड्या-वाड्या पालथ्या घातल्यास. तुझ्या टाचा फुटल्या होत्या. मला म्हणालीस, हे झालं ना, की मी सुखानं रिटायर होनार.

मग जिल्ह्याच्या ऑफिसातली ती बैठक. डॉक्टर, तू आणि मी. साहेब वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि तालुक्याचा तक्ता पुढं ओढला. कारण कळलं नाही अशा बालमृत्यूंचा एक रकाना होता. त्यात सगळीकडं ‘निरंक’. इतक्या वर्षांत एकही नाही. साहेब म्हणाले, तुमच्याकडं असे मृत्यू होतच नाहीत, मग निधी कशावर मागू? डॉक्टर म्हणाले, होतात, या बाईंची मुलगीच तशी गेली. साहेबांनी कारकुनाला मूळ फॉर्मची फाइल आणायला सांगितली.

ओवीचा फॉर्म निघाला. तुझं अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं, तिच्या लसीकरणाच्या कार्डावर तेच होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं की आईने आडवे होऊन पाजल्याने दूध श्वासनलिकेत जाऊन मृत्यू. खाली दिरांची सही. साहेबांनी पुढची पानं उलटली. मंजुळाच्या मुलाचं होतं, आई झोपेत अंगावर गेल्याने. आपल्या शनिवारच्या बायका एकामागून एक त्या फाइलमध्ये होत्या आणि प्रत्येकीवर काही ना काही ठेवलेलं होतं, तुझ्या सुंदर, गोल अक्षरात.

मी तुझ्याकडं पाहिलं. तू बशीत चहा ओतत होतीस.

परतताना पळस्प्याला आपण दोघी एसटीतून उतरलो. डॉक्टर आपल्या गाडीनं गेले होते. फाट्यावर उन्हात आपण सहा सीटर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो, गोव्याकडं जाणारे कंटेनर अंगावरून जात होते. मी विचारलं, का?

तू लगेच उत्तर दिलंस, म्हणजे ते तयारच होतं. म्हणालीस, “चार दिवस आदी मीच तिला डोस दिलेला. ‘कळलं नाय’ असं लिवलं असतं तर गाव काय बोललं असतं? सुईनं मेली. मंग एक बाई पोर घेऊन आली नसती माज्याकडं.”

लशीचा ओवीच्या जाण्याशी काही संबंध नव्हता. मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे, आणि गाव तसं बोललं असतं हेही माहीत आहे. आदल्याच वर्षी शेजारच्या वाडीत एका पोराला नुसता ताप आला तर दोन महिने तुला कोणी दारात उभं केलं नव्हतं. त्यामुळं तुझी भीती खोटी नव्हती, ताई. पण गावाला द्यायला काहीतरी कारण हवं होतं आणि तू माझं दूध दिलंस. मी तुला विश्वासानं सांगितलेलं तेवढंच एक वाक्य होतं, आणि तेच तू उचललंस.

मी म्हटलं, आणि मंजुळा? तिच्या मुलाला तर डोससुद्धा दिला नव्हतास. तू म्हणालीस, अज्ञात लिहिलं की फॉर्म परत येतो, वरून मेमो येतो, चौकशी नीट केली नाही म्हणून. आणि मग तू माझ्यावरच उलटलीस. “वाचतो कोन ते कागद? तू सरकारी नोकर हायस, तुला ठावं हाय. तू नाय लिवत शाळाबाह्य मुलं निरंक?”

लिहीत होते. वीटभट्टीवरची पोरं दिवाळीनंतर शाळेत येईनाशी व्हायची, भट्टीवर विटा उलट्या करताना मला दिसायची, आणि मी तक्त्यात निरंक लिहायचे. खरं लिहिलं की मलाच जाब विचारायचे. सरकारी कागद म्हणजे वर पाठवायची वस्तू, त्याचा खऱ्या माणसांशी काही संबंध नसतो, असं आपण दोघी धरून चाललो होतो. तुला खरंच वाटलं की तू कागदावर एक लिहिशील आणि माझ्या कानात दुसरं सांगशील, आणि मला कानातलं पुरेल. पण तो कागद वाचला गेला. आधी दिरांनी वाचला, मग सासूबाईंनी, आणि शेवटी साहेबांनी.

“मग सह्या कशाला जमवत फिरलीस?” मी विचारलं. तू कपाळावरचा घाम पदरानं पुसलास आणि म्हणालीस, “निधी आला असता ना, की मंग खरं लिवता आलं असतं.”

सहा सीटर आली. तू बसलीस. मी बसले नाही.

पत्र महिन्याभरानं आलं. सदर स्वरूपाचे मृत्यू निरंक असल्यामुळे निधीची गरज दिसून येत नाही, असा त्याचा अर्थ. शनिवार बंद झाले, कारण मी जाणं बंद केलं. मंजुळाकडं कधीच कोणी वर्षभर बसायला जाणार नव्हतं, आणि मीही गेले नाही. ही माझी चूक, ती तुझ्या नावावर टाकत नाही.

तुझे फोन यायचे, मी उचलायचे नाही. दर वर्षी अंगणवाडीच्या ताईंबरोबर तू जवळ्याची पुडी पाठवायचीस आणि मी ती शेजारी द्यायचे. तू रिटायर झाल्यावर एकदा शाळेत आलीस. माझा वर्ग सुरू होता. फाटकातून येऊन तू व्हरांड्यात उभी राहिलीस, चप्पल बाहेर काढून, पाहुणीसारखी. मी तुला पाहिलं आणि फळ्याकडं वळून भागाकार शिकवत राहिले. शिपायाबरोबर निरोप पाठवला की तास चालू आहे. तू काय सांगायला आली होतीस? माफी मागणार होतीस, की पुन्हा वाद घालणार होतीस? मला दोन्ही चाललं असतं, हे आता कळतंय. तास संपला तेव्हा व्हरांड्यात कोणी नव्हतं.

मग तुझ्या प्रतिभाचा फोन आला. दुपारी जेवून आडवी झाली आई, आणि उठलीच नाय, म्हणाली. दुपारी. 

समाजमंदिरातली सभा झाल्यावर प्रतिभा मला बाजूला घेऊन म्हणाली, मावशी, आईच्या मृत्यूची नोंद करायची हाय, तुमचं अक्षर चांगलं, फॉर्म भराल का? तिला आपलं भांडण माहीत नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस. आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. नाव, वय, पत्ता, सगळं भरलं. खाली मृत्यूचे कारण. मी पेन थांबवलं. ग्रामसेवक समोरून म्हणाले, हार्ट अटॅक लिहा मॅडम, वय झालं होतं, सगळे तेच लिहितात. डॉक्टरांनी काय सांगितलं, असं मी विचारलं. प्रतिभा म्हणाली, गावचे डॉक्टर उशिरा आले, बघून म्हणाले, आता काय सांगनार.

हार्ट अटॅक. दोन शब्द, कोणाचं काही बिघडत नव्हतं. तुझ्यावरही त्यात काही ठपका नव्हता. माझं पेन कागदाला टेकलंसुद्धा होतं, आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ते लिहिणं किती सोपं असतं. तू आमच्या बाहेरच्या खोलीत बसली होतीस तेव्हा तुलाही एवढंच सोपं गेलं असणार. या समजण्यानं राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही.

मी लिहिलं, ‘कळले नाही’.

ग्रामसेवक म्हणाले, असं चालत नाही, फॉर्म परत येईल. मी म्हटलं, येऊ द्या, परत आला की मला बोलवा, मी पुन्हा येऊन हेच लिहीन. त्यांनी प्रतिभाकडं पाहिलं. प्रतिभानं फॉर्म हातात घेऊन वाचला आणि मला विचारलं, “खरंच नाय कळलं?” मी म्हटलं, नाही कळलं. “मंग ठीक हाय,” ती म्हणाली, आणि तिनं सही केली. एवढंच लागतं, ताई. एवढंच लागत होतं.

हा तुझा मान राखला की तुझ्यावर सूड घेतला, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही. फॉर्म अपेक्षेप्रमाणं कालच परत आला. ग्रामसेवकांचा फोन होता, जरा चिडलेच होते. शनिवारी शाळा सुटली की जाऊन पुन्हा भरणार आहे. जाताना वाडीवर मंजुळाकडं उतरेन म्हणते. ती घरात घेईल की नाही, माहीत नाही.

तुझ्या कागदावर आता खरं लिहिलंय, हिराताई. ओवीच्या कागदावर अजून माझंच दूध आहे.